अठ्ठ्याहत्तर अंशांवर

पृथ्वीगोलावर तुटक रेषांनी काढलेली चार वृत्ते असतात: विषुववृत्ताच्या दोन बाजूंना कर्कवृत्त आणि मकरवृत्त, आणि दोन्ही टोकांजवळ आर्क्टिक वृत्त व अंटार्क्टिक वृत्त. भूगोल शिकवताना आम्ही शिक्षक ही चारही वृत्ते एका दमात सांगून पुढे जातो. मुले साडेतेवीस आणि साडेसहासष्ट हे दोन आकडे पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, आणि वरच्या-खालच्या दोन वृत्तांच्या आत कायमचा बर्फ असतो असे समजून पुढच्या धड्याकडे वळतात. ही समजूत इतकी घट्ट बसते की मोठेपणीही ध्रुववृत्त म्हटले की जिथून बर्फ सुरू होतो ती सीमा, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. वास्तविक त्या रेषेचा बर्फाशी थेट संबंध नाही. ती उजेडाची रेषा आहे, आणि उजेड व बर्फ यांच्यात पृथ्वीवर जेवढी तफावत या दोन टोकांना आढळते तेवढी अन्यत्र क्वचितच आढळते. ध्रुवप्रदेशाचा भूगोल मला सर्वांत अधिक ओढ लावतो तो या तफावतीमुळे.

पृथ्वी ज्या पातळीत सूर्याभोवती फिरते त्या पातळीवर तिचा आस सरळ उभा नाही. तो सुमारे २३ अंश २६ मिनिटांनी कललेला आहे. चारही वृत्ते या एकाच कलण्यातून निघतात. विषुववृत्तापासून तेवढे अंश मोजले की कर्कवृत्त आणि मकरवृत्त मिळतात, ध्रुवांपासून तेवढेच अंश मोजले की ध्रुववृत्ते मिळतात. जिथे सूर्य बरोबर डोक्यावर येऊ शकतो अशा प्रदेशाची शेवटची हद्द म्हणजे कर्कवृत्त, आणि वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही व एक दिवस उगवत नाही अशा प्रदेशाची सुरुवात म्हणजे आर्क्टिक वृत्त. आम्ही खानदेशातील माणसे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे मे महिन्यातील एका दुपारी अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच लोपते. जुलैमध्ये हा शून्य सावलीचा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या कलण्यामुळे चाळीसगावात सावली नाहीशी होते, त्याच कलण्यामुळे नॉर्वेच्या उत्तर टोकाला रात्र नाहीशी होते. मुलांना ध्रुववृत्त शिकवायचे तर आधी ही काठी अंगणात उभी करावी, असे माझे ठाम मत आहे; त्याशिवाय ती रेषा त्यांना परकीच वाटत राहते.

ती रेषा आपल्याला मुळीच परकी नाही, याचे प्रमाण आमच्या गावाच्या अगदी जवळ आहे. चाळीसगावहून पाटणादेवीकडे गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख तिथलाच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः आपल्या गावाचा उल्लेख सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले नगर असा करतात. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला, आणि त्यातील गोलाध्यायात दूर उत्तरेकडील आकाशाविषयी काही श्लोक घातले. ज्या ठिकाणी अक्षांश ६९ आणि एक तृतीयांश असतो तिथे धनू आणि मकर या राशी कधीच दिसत नाहीत, मिथुन आणि कर्क मात्र सदैव क्षितिजाच्या वर असतात, असे ते सांगतात. जिथे अक्षांश ७८ आणि एक चतुर्थांश असतो तिथे वृश्चिकापासूनच्या चार राशी दिसत नाहीत आणि वृषभापासूनच्या चार कधी मावळत नाहीत. नव्वद अंशांवर, म्हणजे मेरूवर, तुळेपासूनच्या सहा राशी क्षितिजाखालीच राहतात. देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्र सहा महिन्यांची, ही आपल्याकडची जुनी समजूत इथे गणिताच्या रूपात येते.

एका सुट्टीत मी वही घेऊन हे गणित करायला बसले. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आसाचे कलणे, म्हणजे त्यांच्या भाषेत परमक्रांती, २४ अंश धरली होती. चोवीस अंशांची ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, ०.४०६७ येते. सूर्य वृश्चिक राशीच्या आरंभी असताना संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, तीस अंश पुढे गेलेला असतो, आणि तीस अंशांची ज्या बरोबर अर्धी. दोहोंचा गुणाकार ०.२०३४. एवढी ज्या असणारा कोन ११ अंश ४४ मिनिटांचा, म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या तेवढा दक्षिणेला. नव्वदातून हा कोन वजा केला की उत्तर येते ७८ अंश १६ मिनिटे. भास्कराचार्यांचे उत्तर ७८ अंश १५ मिनिटे आहे. वहीतला तो आकडा पाहून मी बराच वेळ पुढे काही लिहू शकले नाही.

पुढे नकाशा उघडला. स्वालबार हा नॉर्वेच्या ताब्यातील द्वीपसमूह आहे, आणि त्यातील लाँगयिअरब्येन या गावाचा अक्षांश ७८ अंश १३ मिनिटे उत्तर आहे. तिथून वायव्येला न्यू-ओलसुन्द नावाची संशोधकांची वसाहत ७८ अंश ५५ मिनिटांवर आहे, आणि १ जुलै २००८ पासून भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र तिथेच आहे. या वसाहतीत सूर्य २४ ऑक्टोबरच्या सुमारास क्षितिजाखाली जातो आणि १८ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा वर येतो. राशी सायन, म्हणजे संपातापासून मोजलेल्या, धरल्या तर सूर्य वृश्चिकेत प्रवेश करतो २३ ऑक्टोबरला आणि कुंभेतून बाहेर पडतो १८ किंवा १९ फेब्रुवारीला. ज्या जागी वर्षभर चार राशी दिसत नाहीत असे सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका गणितज्ञाने लिहून ठेवले, त्या जागेच्या अगदी जवळ आज आपल्या देशाची माणसे काम करतात, आणि त्यांच्या दिनदर्शिकेत ती चार राशींची रात्र जवळजवळ तारखेनिशी उतरते. या योगायोगाची कोणी फारशी दखल घेतलेली माझ्या वाचनात आली नाही, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धान्त मांडला, तो मराठी वाचकाला निदान ऐकून ठाऊक असतो. तो सिद्धान्त अभ्यासकांनी स्वीकारला नाही. भास्कराचार्यांचे गणित मात्र आजही जसेच्या तसे उभे आहे, आणि त्यासाठी कोणाचे पूर्वज तिथे राहिले असण्याची गरज नाही.

गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांच्यात एक लहानसा फरक उरतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. वातावरणातून येताना सूर्यकिरण वाकतात, त्यामुळे क्षितिजाखाली गेलेला सूर्यही आपल्याला थोडा वेळ वर दिसत राहतो. हे वाकणे क्षितिजाजवळ सुमारे ३४ मिनिटांचे असते (ही मिनिटे वेळेची नव्हेत, कोनाची; साठ मिनिटांचा एक अंश). त्यात सूर्यबिंबाची १६ मिनिटांची त्रिज्या मिळवली की ५० मिनिटे होतात, आणि ५० मिनिटे म्हणजे जमिनीवर साधारण ९० किलोमीटर. म्हणून मध्यरात्रीचा सूर्य आर्क्टिक वृत्ताच्या ९० किलोमीटर दक्षिणेपर्यंत दिसतो, आणि खरी ध्रुवीय रात्र वृत्ताच्या तेवढीच उत्तरेला गेल्यावर सुरू होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील बोडो हे शहर ६७ अंश १७ मिनिटांवर, म्हणजे स्पष्टपणे वृत्ताच्या आत असूनही, २१ डिसेंबरच्या दुपारी तिथल्या सूर्याची वरची कड क्षितिजाला स्पर्श करण्याइतकी वर येते. हवेने उजेडाच्या पारड्यात टाकलेली ही भर दोन्ही ध्रुवांना मिळते, त्यामुळे वर्षभराचा हिशेब केला तर उत्तर ध्रुवावर सूर्य क्षितिजाच्या वर असण्याचे तास विषुववृत्तापेक्षा थोडे अधिकच भरतात.

हवेइतकाच डोंगरांचाही वाटा आहे. लाँगयिअरब्येनला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यावर क्षितिजाच्या वर येतो, पण गाव दरीत आहे आणि दक्षिणेकडे डोंगर आहेत. गावात पहिले ऊन पोहोचते ८ मार्चच्या सुमारास, आणि ते पोहोचले असे केव्हा मानायचे याचीही ठरलेली खूण आहे: जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्या. ते रुग्णालय आता उभे नाही, पायऱ्या मात्र राखल्या आहेत. त्या दिवशी दुपारी शाळेतली मुले चेहऱ्यावर पिवळे सूर्य रंगवून तिथे जमतात, गावकरी जमतात, आणि चार महिन्यांनंतरचे ऊन त्या लाकडी पायऱ्यांवर पडलेले पाहतात. खगोलशास्त्राची तारीख निराळी आणि गावाची तारीख निराळी, आणि गाव आपली तारीख जास्त जिव्हाळ्याने पाळते, हे मला फार आवडते.

इथपर्यंत सगळे उजेडाचे झाले. आता त्याच ७८ अंशांवर, पण दक्षिणेला, जाऊ. अंटार्क्टिकावर ७८ अंश २८ मिनिटांवर रशियाचे व्होस्टोक हे केंद्र आहे. लाँगयिअरब्येनशी त्याचे अक्षांशाचे नाते जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखे आहे. भास्कराचार्यांचा नियम तिथेही लागू पडतो, फक्त राशी उलट होतात. उजेडाचा हिशेब दोन्हीकडे सारखा. लाँगयिअरब्येनला हिवाळ्यातील सरासरी तापमान उणे दहा ते उणे पंधरा अंशांच्या आसपास असते, सुमारे अडीच हजार माणसे राहतात, शाळा आहे, दुकाने आहेत, विमानतळ आहे. व्होस्टोकला हिवाळ्यातील सरासरी उणे पासष्टच्याही खाली जाते, आणि २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश सेल्सियसची नोंद झाली. हवामान केंद्राच्या तापमापकावर पृथ्वीवर यापेक्षा कमी तापमान आजवर नोंदले गेलेले नाही. एकाच उजेडाच्या रेषेवर पन्नास अंशांची तफावत. तिचे कारण सूर्याकडे मागून उपयोग नाही. ते पाणी, उंची आणि समुद्रापासूनचे अंतर यांच्याकडे मागावे लागते. स्वालबारच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकमधून आलेला उबदार प्रवाह स्पर्श करून जातो. व्होस्टोक समुद्रसपाटीपासून जवळजवळ साडेतीन किलोमीटर उंचीवर, बर्फाच्या पठाराच्या मध्यभागी आहे, आणि त्याच्या पायाखाली साडेतीन किलोमीटरहून अधिक जाडीचा बर्फ आहे.

अशीच दुसरी जोडी ध्रुववृत्ताच्या अगदी लगत सापडते. मघाशी उल्लेख केलेल्या बोडो शहरात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली असते आणि बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. जवळजवळ त्याच अक्षांशावर, पूर्व सैबेरियातील व्हेर्खोयान्स्कमध्ये जानेवारीची सरासरी उणे ४५ अंशांच्या आसपास असते आणि १८९२ च्या फेब्रुवारीत तिथे उणे ६७.८ अंश नोंदले गेले. ओयम्याकोन हे थंडीसाठी तितकेच प्रसिद्ध असलेले गाव तर साडेत्रेसष्ट अंशांवर, म्हणजे वृत्ताच्या बाहेरच आहे. समुद्राजवळचे पाणी उन्हाळ्याची ऊब साठवून हिवाळ्यात परत देते, खंडाच्या पोटात ती साठवायला काही नसते. म्हणून हवामानाचे अभ्यासक आर्क्टिकची सीमा साडेसहासष्टवर न मानता बहुधा जुलैची सरासरी दहा अंश असलेल्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेवर मानतात. ती रेषा साधारणपणे झाडे जिथे संपतात तिथून जाते, आणि नकाशावर ती कुठे वृत्ताच्या खूप उत्तरेला चढते तर कुठे खूप दक्षिणेला उतरते. दक्षिणेकडेही तसेच. अंटार्क्टिक वृत्त पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला जवळजवळ घासून जाते, परंतु थंड प्रदेशाची खरी सीमा त्याहून उत्तरेला, समुद्रातच लागते. ५० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान दक्षिणेचे अतिथंड पाणी उत्तरेच्या तुलनेने उबदार पाण्याखाली जाते आणि काही मैलांच्या प्रवासात समुद्राचे तापमान दोन-तीन अंशांनी खाली येते. जहाजावरील माणसाला तिथे एकही रेषा दिसत नाही, पण हवा बदलते, धुके येते, पाण्यातील जीवसृष्टी बदलते.

सातवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "बाई, ध्रुवावर उन्हाळ्यात चोवीस तास ऊन असतं, मग तिथला बर्फ वितळून का जात नाही?" हा प्रश्न जितका साधा दिसतो तितका नाही, आणि पाठ्यपुस्तकातील तिरप्या किरणांचे उत्तर त्याला पुरत नाही. २१ जूनच्या सुमारास उत्तर ध्रुवावरील वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत जेवढी सौर ऊर्जा पोहोचते, ती विषुववृत्तावर त्याच दिवशी पोहोचणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक असते. किरण तिरपे खरे, सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर जात नाही हेही खरे, पण तो मावळतच नाही, आणि त्यामुळे बेरीज मोठी होते. मग ही ऊर्जा जाते कुठे? काही भाग जाड हवेच्या थरांतून येताना ढगांत आणि धुक्यात अडतो. उरलेल्यातील फार मोठा भाग बर्फ परत पाठवतो: ताजा हिम अंगावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी ते नव्वद टक्के परावर्तित करतो. आणि जी थोडी ऊर्जा खरोखर आत शिरते ती तापमान वाढवण्यात खर्च न होता वितळण्यात खर्च होते. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. सरबताच्या पेल्यातला शेवटचा खडा असेपर्यंत सरबत गार राहते, तसा उत्तर ध्रुवाचा समुद्र सगळा उन्हाळाभर शून्याच्या आसपास थबकून असतो. त्या मुलीला मी हे फळ्यावर आकडे मांडून सांगितले. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, की मग खडा संपला की काय होते? त्याकडे पुढे यायचेच आहे.

उत्तर आणि दक्षिण यांच्यात एक विलक्षण साम्य आणि तितकाच विलक्षण विरोध आहे. आर्क्टिक महासागराचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, आणि अंटार्क्टिका खंडाचेही जवळजवळ तेवढेच. पण एका टोकाला जमिनीने वेढलेला समुद्र आहे आणि दुसऱ्या टोकाला समुद्राने वेढलेली जमीन. उत्तर ध्रुवावर उभा राहिलेला माणूस दोन-तीन मीटर जाडीच्या तरंगत्या बर्फावर असतो आणि त्याच्याखाली चार किलोमीटरहून अधिक खोल पाणी असते. दक्षिण ध्रुवावर उभा राहिलेला माणूस समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर असतो, आणि त्याच्याखालची जवळजवळ सगळी उंची बर्फाची असते. उत्तरेच्या बर्फाची जाडी मनुष्याच्या उंचीत मोजता येते, दक्षिणेची डोंगरांच्या उंचीत मोजावी लागते. तो सगळा बर्फ वितळला तर जगातील समुद्राची पातळी ५८ मीटरच्या आसपास वाढेल. ग्रीनलंडच्या हिमचादरीत आणखी सुमारे सात मीटरचे पाणी साठलेले आहे. तरंगता समुद्रबर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून बसलेला असतो. हा फरक वर्तमानपत्रांच्या बातम्यांत वारंवार पुसला जातो, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो.

नकाशावर या रेषा स्थिर दिसतात, म्हणून त्या हलतात हे सांगितले की मुलांना नवल वाटते. पृथ्वीच्या आसाचे कलणे सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-अधिक होते, आणि सध्या ते कमी होत आहे. त्यामुळे आर्क्टिक वृत्त दरवर्षी सरासरी साडेचौदा मीटरने उत्तरेकडे सरकते, आणि कर्कवृत्त तितकेच दक्षिणेकडे. भास्कराचार्यांच्या काळापासून आजवर ते साडेबारा किलोमीटर सरकले असले पाहिजे. आइसलँडच्या मुख्य भूमीला आर्क्टिक वृत्त स्पर्श करत नाही. ते फक्त उत्तरेकडील ग्रिमसे या छोट्या बेटावरून जाते. तिथे २०१७ साली तीन मीटर व्यासाचा आणि आठ टन वजनाचा काँक्रीटचा गोल ठेवण्यात आला, आणि वृत्त सरकेल तसा तोही सरकवायचा असे ठरले. या शतकाच्या मध्याच्या सुमारास वृत्त बेटाच्या उत्तर टोकावरून समुद्रात उतरेल. याच्या बरोबर उलट प्रकार दक्षिण ध्रुवावर घडतो. तिथे ध्रुवाचा बिंदू आहे तिथेच असतो, पण त्यावरील बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटरने वाहतो आणि ध्रुव दाखवणारी खूण आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणून दरवर्षी १ जानेवारीला खूण नव्याने मोजून पुन्हा रोवली जाते. एका टोकाला रेषा चालते आणि खूण तिच्यामागे न्यावी लागते, दुसऱ्या टोकाला जमीन म्हणून ज्यावर पाय ठेवला तेच चालते.

बर्फाचे हे चालणे आपल्या देशाने स्वतः अनुभवले आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण नॉर्वेच्या भाड्याने घेतलेल्या जहाजातून गेले, आणि त्या जहाजाचे नावच 'पोलर सर्कल' होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. पुढे १९८३-८४ मध्ये दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र किनाऱ्यालगतच्या तरंगत्या हिमफळीवर उभारले गेले. काही वर्षांतच ते साचत जाणाऱ्या हिमात गाडले गेले आणि सोडून द्यावे लागले. त्यानंतरचे मैत्री हे केंद्र शिर्माकर टेकड्यांमधील उघड्या खडकावर बांधले, आणि २०१२ चे भारती लार्समान टेकड्यांत, तेही खडकावर. कुठे सूर्य किती दिवस दिसणार नाही हे तिथे जाण्यापूर्वीच कागदावर ठरवता येत होते. बर्फ कुठे इमारत पेलेल आणि कुठे गिळेल हे मात्र तिथे राहूनच कळले. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या बाबतीतही हेच घडले होते. १७ जानेवारी १७७३ रोजी त्यांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले, पुढच्या वर्षी ७१ अंश १० मिनिटांपर्यंत मजल मारली, पण बर्फाने वाट अडवली आणि खंड न पाहताच ते परतले. तो खंड पहिल्यांदा दिसला १८२० मध्ये.

तरीही उजेड आणि बर्फ यांचा काहीच संबंध नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. संबंध आहे, पण तो हजारो वर्षांच्या मापाने चालतो. पहिल्या महायुद्धात स्थानबद्ध असताना बुडापेस्टमधील ग्रंथालयात बसून सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी पृथ्वीच्या कक्षेतील आणि कलण्यातील बदलांमुळे निरनिराळ्या अक्षांशांवरील ऊन कसे बदलत गेले याची आकडेमोड केली. पुढे हिमयुगांचा विचार करताना त्यांनी ६५ अंश उत्तर हा अक्षांश निर्णायक मानला, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी लगतचा. तिथला उन्हाळा सौम्य झाला की हिवाळ्यातील हिम पूर्ण वितळत नाही, वर्षानुवर्षे साचते, आणि हिमचादर वाढू लागते. उन्हाळा प्रखर झाला की ती मागे हटते. या हिशेबाप्रमाणे गेली काही हजार वर्षे उत्तरेकडील उन्हाळ्याचे ऊन हळूहळू कमी होत आहे, आणि तलावांतील गाळ, झाडांची वर्तुळे व बर्फाचे नमुने यांवरून दिसते की आर्क्टिक प्रदेश सुमारे दोन हजार वर्षे खरोखर सावकाश थंड होत चालला होता. विसाव्या शतकात हा कल उलटला. ऊन कमी करण्याचे काम आस अजूनही करीतच आहे, पण हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याला पुरून उरला आहे.

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पांढरा बर्फ संपला की खालचे काळे पाणी उघडे पडते आणि अंगावरील उजेडापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते. म्हणजे जो उजेड आजवर परत जात होता तोच आता समुद्र तापवू लागतो, आणि पुढच्या वर्षी बर्फ आणखी उशिरा धरतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये समुद्रबर्फाचा विस्तार ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरला होता, आणि २० जून २०२० रोजी व्हेर्खोयान्स्कमध्ये, जिथे उणे ६७.८ नोंदले गेले होते त्याच गावी, पारा ३८ अंशांवर गेला. हा आकडा वाचताना आमच्या इथल्या मार्चची दुपार माझ्या मनात आली. ध्रुववृत्ताच्या आतले, हिमाने घडवलेले एक गाव त्या दिवशी आमच्या खानदेशाइतके तापले होते.

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर कोकणची दमट हवा असते आणि आत शीतकक्षांत अंटार्क्टिकावरून आणलेल्या बर्फाचे लांब दंडगोल शून्याच्या बरेच खाली जपलेले असतात. दक्षिण गंगोत्री, मैत्री, भारती आणि हिमाद्री या सर्वांचे धागे याच संस्थेपर्यंत येतात. हिमाद्री केंद्रात पूर्वी मुख्यतः उन्हाळ्यातच काम चाले. २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे राहून निरीक्षणे घेऊ लागले आहेत. केंद्रासमोरील कोंग्सफ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांच्या मध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, २०१४ साली पाण्याखाली १९२ मीटर खोलीच्या जागी भारताची पहिली उपकरणमालिका नांगरली गेली, आणि ती तिथल्या पाण्याचे तापमान व क्षारता नोंदवते. त्या फ्योर्डचा मोठा भाग गेल्या दोन दशकांत हिवाळ्यातही पूर्वीसारखा गोठत नाही. अटलांटिकचे उबदार पाणी आत शिरत राहते आणि बर्फ बहुतांशी आतल्या टोकाशी, हिमनद्यांच्या जवळ उरतो. सूर्य १८ फेब्रुवारीच्या सुमारास परत येणार हे तिथल्या माणसांना पाटणच्या मठातील विद्यार्थ्यानेही सांगितले असते. यंदा फ्योर्ड गोठेल का, गोठला तर कुठपर्यंत, आणि उबदार पाणी किती खोलवर पोहोचले आहे, हे मात्र ती उपकरणे दर हिवाळ्यात नव्याने मोजून सांगतात.